केवळ मापाने हक्क अदा होतो काय?

मदिन्याच्या परिसरात महजूर नावाचा एक ओढा होता. पावसाचे पाणी त्यातून उतरत असे आणि ते आधी कोणी घ्यायचे यावरून वाद होत. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेला निवाडा हदीस ग्रंथांत नोंदलेला आहे. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने पाणी घोट्यापर्यंत चढेतो अडवावे, त्यानंतर ते खालच्यासाठी सोडून द्यावे. आपण याकडे बहुधा शेतीच्या पाणीवाटपाचा नियम म्हणून पाहतो. परंतु त्यात एक व्यापक प्रश्न दडलेला आहे. ज्याच्या हाती पाणी अडवण्याची शक्ती आहे, तो खालच्यांचे नेमके काय देणे लागतो? ठरलेले माप सोडले की तो मोकळा झाला काय?

आजच्या काळात या प्रश्नाची कसोटी एका फार मोठ्या बांधावर लागली आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवर २१६ मीटर उंचीचे ग्लेन कॅन्यन धरण आहे. त्याने १९६३ साली पाणी अडवण्यास आरंभ केला. धरणाच्या खाली काही अंतरावर ग्रँड कॅन्यनची जगप्रसिद्ध दरी सुरू होते. वर्षाला साधारण ३५८ टीएमसी पाणी खाली सोडण्याचे उद्दिष्ट दीर्घकाळ ठरलेले होते. त्यामुळे खालच्या राज्यांच्या हिशेबात तूट दिसत नव्हती. दरी मात्र बदलत गेली.

नदी केवळ पाणी वाहून नेत नसते. धरणापूर्वी ती लाल गाळाने गढूळ असे, उन्हाळ्यात कोमट होई आणि वसंतात बर्फ वितळला की मोठ्या पुराने भरून येई. आता तो गाळ जलाशयाच्या तळाशी बसतो. दरीच्या मुखाशी येणारी वाळू सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. जलाशयाच्या खोल थरातून सोडलेले पाणी बाराही महिने थंड राहू लागले. विजेच्या मागणीप्रमाणे ते एकाच दिवसात चढू आणि उतरू लागले. काठचे वाळूचे किनारे झिजले आणि काही देशी मासे दरीतून नाहीसे झाले. पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक चब कसाबसा तगला, तोही मुख्यतः लिटल कोलोरॅडो या उपनदीच्या आश्रयाने.

तौबेविषयी उलमा सांगत आले आहेत की, दुसऱ्याचा हक्क बुडवला असेल तर तो परत केल्यावाचून ती पूर्ण होत नाही. परंतु काय बुडवले हेच ठाऊक नसेल तर परत काय करणार? येथे अभ्यास हा कर्तव्याचाच भाग होतो. १९९२ मध्ये अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या रक्षणाचा कायदा झाला. मार्च १९९६ मध्ये धरणातून सात दिवस ४५,००० क्यूसेक विसर्ग मुद्दाम सोडण्यात आला. पुराने तळाची वाळू उचलून काठावर टाकावी, अशी अपेक्षा होती. किनारे वाढलेही. पण मोजमापांतून कळले की बरीचशी वाळू जुन्याच किनाऱ्यांच्या पाण्याखालील भागातून उचलली गेली होती. उपनद्यांनी आणलेली वाळू वर्षानुवर्षे तळाशी साठून राहते, हे गृहीतकच चुकीचे निघाले. ती काही आठवड्यांत वा महिन्यांतच वाहून जाते. म्हणून नोव्हेंबर २००४ चा पूर पारिया उपनदीने ताजी वाळू आणल्यानंतर सोडला गेला. पुढे २०१२ पासून वाळूचा हिशेब पाहूनच पूर सोडण्याची पद्धत ठरली. म्हणजे पाणी किती सोडले याइतकेच ते केव्हा सोडले यालाही मोल आहे. हे कोणत्याही कर्जदाराने ध्यानी घ्यावे; गरज टळून गेल्यावर केलेली फेड मापाने पुरी असली तरी घेणाऱ्याच्या कामाची नसते.

किड्यांची गोष्टही अशीच आहे. पाण्यातील कित्येक कीटक काठालगत अंडी घालतात आणि पाणी उतरताच ती सुकतात. २०१८ पासून काही उन्हाळ्यांत शनिवार-रविवारी विसर्ग कमी परंतु स्थिर ठेवला गेला, तो या अंड्यांसाठी. माशीच्या अंड्यासाठी वीजकेंद्राने आपले वेळापत्रक बदलावे, हे काहींना हास्यास्पद वाटेल. मला तसे वाटत नाही. मासे, पक्षी आणि वटवाघळे त्याच कीटकांवर जगतात.

याहून कठीण प्रश्न ट्राउट माशांचा. थंड, नितळ पाण्यात हे बाहेरून आणलेले मासे फोफावले आणि चबची पिल्ले खाऊ लागले. तेव्हा २००३ पासून उपनदीच्या संगमापाशी हजारो ट्राउट पकडून मारण्यात आले. झुनी या मूळनिवासी समाजाने त्यास हरकत घेतली. ही दरी त्यांच्या श्रद्धेनुसार त्यांचे उगमस्थान आहे. तेथे इतके जीव मारणे त्यांना मान्य नव्हते. शासनाला ते ऐकावे लागले आणि पुढे मासे जिवंत हलवण्याच्या पर्यायाचा विचार झाला. झुनींच्या श्रद्धा आपल्या नव्हेत. तरी त्यांचा आक्षेप आपल्याला परका वाटू नये. जीव घेण्यासाठी सबळ कारण लागते, असे आपणही मानतो. चबला वाचवणे हे सबळ कारण नव्हते असे मी म्हणणार नाही. पण ट्राउटने स्वतःहून काहीच केले नव्हते. त्याला तेथे माणसाने आणले, पाणी माणसाने थंड केले आणि शिक्षा मात्र माशाला झाली. भरपाईचा भार निरपराधावर टाकणे ही सोय झाली. तिला न्याय म्हणताना जीभ अडखळते.

अलीकडे परिस्थिती उलटली आहे. दुष्काळाने जलाशय खालावला, वरच्या थरातील उबदार पाणी टर्बाइनमधून जाऊ लागले आणि त्याबरोबर स्मॉलमाउथ बास हा दुसरा परका, अधिक हिंस्र मासा खाली उतरला. २०२२ मध्ये धरणाखाली त्याची वीण आढळली. चबला मानवणारी ऊब त्याच्या शत्रूलाही मानवली. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यापासून काही महिने खोल नळांतून थंड पाणी मिसळून सोडण्यात आले. त्या नळांवर टर्बाइन नाहीत. तेवढ्या पाण्याच्या विजेवर पाणी सोडावे लागले आणि त्याची किंमत वीज वापरणाऱ्या माणसांनी सोसली.