रिकामी जाळी धुताना



नाताळ सरला. गोठा उतरला, कागदी तारा पुन्हा माळ्यावर गेला, फराळाचे डबे रिकामे झाले. परंतु आपल्यातील काही घरांत तारा पेटला खरा, घर मात्र उजळले नाही. त्या घरातला मुलगा किंवा मुलगी मध्यरात्रीच्या मिस्साला आली, मागच्या बाकावर बसली आणि शेवटचे गीत सुरू होण्याआधीच निघून गेली. विचारले तर उत्तर एकच, "काही नाही, फादर." नंतर कुणाकडून तरी कळते की 'कॅट'चा निकाल लागला होता.

कॅट म्हणजे आयआयएम आणि इतर अनेक व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा. ती नोव्हेंबरच्या अखेरीस रविवारी होते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ती नेमकी ख्रिस्तराजाच्या सणाला आली. निकालही दोन्ही वेळा नाताळच्या तोंडावरच लागला. म्हणजे आपण आगमनकाळाच्या मेणबत्त्या पेटवीत होतो, तेव्हा आपली काही मुले दुसऱ्याच गोष्टीची वाट पाहत होती. आणि गोठ्यात बाळ येशू येण्याआधी मोबाइलच्या पडद्यावर एक आकडा आला.

या आकड्याविषयी घरात केवढा गोंधळ होतो! मुलगा म्हणतो, "पंच्याऐंशी आले." आईला आनंद होतो. दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळाले तेव्हा तिने साऱ्या चाळीत पेढे वाटलेले असतात. मग हा भिंतीकडे तोंड करून का पडला आहे, हे तिला उमगत नाही. ती म्हणते, "अरे, चांगले आहेत की!" आणि त्या शब्दांनी तो आणखी दुखावतो.

आईबाबांनो, हे समजून घेऊ या. हे टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहे. शंभर जणांच्या रांगेत आपण किती जणांच्या पुढे आहोत, एवढेच तो आकडा सांगतो. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार मुलांनी ही परीक्षा दिली. पंच्याऐंशी पर्सेंटाइल म्हणजे त्यातल्या सुमारे २ लाख ४९ हजार मुलांच्या पुढे. पण ४४ हजार मुले आपल्याही पुढे. मोठ्या संस्थांत जागा थोड्या, म्हणून एवढी मजल मारूनही दार उघडत नाही. तेव्हा "चांगले आहेत की" म्हणणे पुरत नाही, आणि "तू अभ्यासच केला नाहीस" म्हणणेही खरे नसते. तो अभ्यास करीत होता. दोन वर्षे नोकरी सांभाळून, रात्री बारा-बारापर्यंत बसून करीत होता.

इथे आपण धर्मग्राम म्हणूनही स्वतःकडे पाहू या. निकालांच्या दिवसांत आपण यशस्वी मुलांची नावे छापतो, वेदीसमोर बोलावून त्यांना फुले देतो. ते योग्यच आहे. पण ज्याचे नाव त्या यादीत नाही, त्याच्यापर्यंत आपण कधी गेलो आहोत का? की "यंदा काय झाले रे तुझे?" एवढे चर्चच्या अंगणात चार माणसांसमोर विचारून मोकळे झालो?

संत लूकच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाचा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. रात्रभर राबूनही शिमोनाला एक मासळी मिळाली नाही. आपल्याला नंतरची फाटेपर्यंत भरलेली जाळी आठवतात. पण त्याआधीची एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. येशू सरोवराच्या काठी आला तेव्हा ते कोळी जाळी धूत होते. आणि येशू नेमका त्या रिकाम्या होडीत चढला. त्याने आधी मासे दिले नाहीत. आधी तो तिथे बसला, त्या होडीलाच त्याने व्यासपीठ केले आणि लोकांना शिकवले. शिमोनाच्या आयुष्यातला तो अपयशी दिवस होता. त्याच दिवशी प्रभूने त्याची होडी मागून घेतली.

बंधू-भगिनींनो, याहून मोठे आश्वासन कोणते हवे? प्रभू आपल्या आकड्यापाशी थांबत नाही. प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण आपण नाताळच्या पाठोपाठ साजरा करतो. यार्देन नदीवर पित्याची वाणी झाली, हा माझा लाडका पुत्र आहे, मी याच्यावर प्रसन्न आहे, या अर्थाची. तोवर येशूने काय केले होते? एकही आजारी बरा केला नव्हता, एकही प्रवचन दिले नव्हते. मार्कच्या आणि लूकच्या शुभवर्तमानात पित्याची पसंती कामाच्या आधी येते. आपल्याही बाप्तिस्म्याच्या वेळी तसेच झाले. कपाळावर पाणी पडले तेव्हा आपण कोणतीच परीक्षा दिलेली नव्हती. त्या दिवशी जे नाते जुळले, ते कोणत्याही निकालाने तुटत नाही.

मग अपयशाला काही अर्थच नाही का? आहे. म्हणूनच जाळी धुवायची. रात्र वाया गेली म्हणून कोळी जाळे फेकून देत नाही, आणि घाण अडकलेले जाळे तसेच पुन्हा टाकतही नाही. चार दिवस रडावेसे वाटले तर तरुण मित्रांनो, रडा. मग गुणपत्रिका घेऊन शांतपणे बसा. भाषा, तर्क आणि गणित या तीन भागांत प्रत्येकी चाळीस मिनिटे मिळाली होती. कुठे वेळ गेला? पर्याय दिलेल्या प्रश्नांत चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. आपण किती ठिकाणी अंदाजाने टिचकी मारली? एकूण आकडा बरा आणि एकाच भागाने घात केला, असे तर नाही? आणि सर्वांत कठीण प्रश्न: आपल्याला व्यवस्थापन खरोखर शिकायचे आहे, की वर्गातले सगळे बसले म्हणून आपणही बसलो? हा प्रश्न पवित्र साक्रामेंतासमोर अर्धा तास बसून विचारण्यासारखा आहे.

धुतल्यावर जाळे पुन्हा टाकायचे की दुसरीकडे वळायचे, हे ज्याचे त्याने प्रार्थनेने ठरवावे. कॅट पुन्हा देता येते, तिला वयाची मर्यादा नाही. राज्यातील महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. जमशेदपूरची एक्सएलआरआय ही संस्था येशूसंघीय धर्मगुरूंनी १९४९ साली सुरू केली; तिची झॅट ही परीक्षा जानेवारीत होते. त्या येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांची गोष्ट तर अशा वेळी आठवायलाच हवी. १५२१ साली तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि नामांकित सरदार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. पुढे १५२४ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ते बार्सिलोनात लहान पोरांबरोबर बसून लॅटिनचे धडे गिरवू लागले. लाज वाटली नसेल का? पण पुढचा सारा रस्ता त्या पाठापासूनच निघाला.

आता दोन शब्द पालकांसाठी. एलिया संदेष्टा थकून, हरून झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे दिले. तो जेवला, पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून जेवू घातले. परमेश्वराने "इथे काय करतोस?" असे विचारले ते पुढे, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. आपण मात्र पहिल्याच दिवशी, ताटावरच तो प्रश्न विचारतो.

आपल्या काटोल-नरखेडकडच्या बागायतदारांना 'ताण' हा शब्द चांगला ठाऊक आहे. आंबिया बहार धरायचा तर याच दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, संत्र्याच्या बागेचे पाणी तोडतात. झाड विसावते, आणि मग ताण तोडून पाणी दिले की फुलते. पण बागायतदार रोज पानांकडे बघत असतो. ताण वाजवीपेक्षा लांबला तर फांद्या वाळतात, झाड हातचे जाते. आपल्या मुलांना ताण द्यायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. तो तोडायचा कधी, हे मात्र शिकायला हवे.

येत्या २४ जानेवारीला संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण आहे. आपल्या नागपूरचे कॅथेड्रल त्यांच्याच नावाने उभे आहे. त्यांनी भक्तिमार्गावरील आपल्या १६०९ च्या ग्रंथात स्वतःशी सौम्यपणे वागण्याविषयी एक सबंध प्रकरण लिहिले. बापाच्या रागापेक्षा त्याच्या मायेच्या शब्दाने मूल अधिक सुधारते, आणि आपल्या स्वतःच्या मनाचेही तसेच आहे, असे ते सांगतात. हे त्यांनी पुस्तकात वाचून लिहिलेले नाही. १५८६ च्या हिवाळ्यात, पॅरिसमध्ये विद्यार्थी असताना, देवाने आपल्याला टाकले आहे असे त्यांच्या मनाने घेतले. अन्न जाईना, झोप येईना. काही आठवडे असे गेले. शेवटी एका चर्चमध्ये मरियामातेच्या मूर्तीसमोर गुडघे टेकून त्यांनी संत बर्नार्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रार्थना म्हटली. पुढे माझे काहीही होवो, या जन्मात तरी मी देवावर प्रीती करीन, असा त्यांनी निश्चय केला आणि मनावरचे ओझे उतरले. ते एकोणीस-वीस वर्षांचे होते. आपल्या मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांच्याच वयाचे.

म्हणून कुणाची भूक आणि झोप उडाली असेल, बोलणे बंद झाले असेल, "मी नसतो तर बरे झाले असते" असे शब्द तोंडून निघत असतील, तर त्याला नाटक समजू नका. तसेच केवळ 'प्रार्थना कर' म्हणून थांबूही नका. त्याच्याजवळ बसा, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. डॉक्टरकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. भाकर देणारा देवदूत कधीकधी दवाखान्यातही बसलेला असतो.

आम्ही तुम्हांला असे सांगणार नाही की प्रार्थना केली की पुढच्या वर्षी नव्याण्णव येतील. देवाने तसे वचन दिलेले नाही. शिमोनाच्या गोष्टीचा शेवट तर आणखी वेगळा आहे. दोन होड्या बुडू लागतील एवढी मासळी मिळाली, आणि ती सारी किनाऱ्यावर सोडून ते येशूमागे निघाले. आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई मागे राहिली. ज्याने ती दिली, तो मिळाला. जाळी भरलेली असोत वा रिकामी, तो होडीत आहे की नाही, एवढेच शेवटी पाहायचे.

या रविवारी मिस्सा संपल्यावर आपण एक छोटे काम करू या. जो लवकर निघून जातो, त्याला दारापाशी गाठू या. निकाल विचारायचा नाही. "चल, घरी चहाला ये," एवढेच म्हणायचे.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू रिकाम्या होडीत बसलास. आमच्या ज्या मुलामुलींची रात्र वाया गेली आहे, त्यांच्याजवळ आज बस. त्यांना जाळी धुण्याचे धैर्य दे आणि तुझ्या शब्दावर ती पुन्हा टाकण्याची आशा दे. आम्हां आईवडिलांच्या जिभेवर सौम्यता ठेव. आणि आमचे नाव कोणत्याही यादीत नसले, तरी ते तुझ्या तळहातावर आहे, हे आम्हांला विसरू देऊ नकोस. आमेन.