पट्ट्याशेजारची मोकळी जागा

मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये भिंतीवर निळी पाटी असते आणि जमिनीवर चाकाच्या खुर्चीचं पांढरं चित्र. चित्र रंगवलं की काम झालं, असा बहुतेक व्यवस्थापनांचा समज दिसतो. खरी सोय असते चित्राच्या शेजारी, आणि ती कुणाच्या नजरेत भरत नाही, कारण तिथे काहीच नसतं. गाडीचं दार सताड उघडायचं, सीटला खेटून व्हीलचेअर लावायची, हातांच्या जोरावर अंग तिच्यात सरकवायचं आणि मग खुर्ची वळवायची. एवढं करायला लागणारी ती मोकळी जागा. म्हणून साधी गाडी अडीच मीटर रुंदीत मावत असली, तरी राष्ट्रीय इमारत संहितेने दिव्यांगांच्या जागेला किमान 3.6 मीटर रुंदी सांगितली आहे. शिवाय प्रवेशद्वारापासून ती 30 मीटरच्या आत हवी.

व्यापाऱ्याच्या डोळ्यांना मोकळी जागा म्हणजे बुडालेलं भाडं. मग तिथे ट्रॉल्यांची रांग येते, सेलचे फलक येतात, ‘दोनच मिनिटं’ म्हणून कुणाची तरी बाइक येते. गाडी लावताना जागा असते. सिनेमा पाहून परत यावं, तर दाराला खेटून दुसरी गाडी उभी. तिच्या मालकाला जिन्याने खाली यायला किती वेळ लागेल, यावर आपलं घरी जाणं अवलंबून. बरं, तोटा तरी किती? दोन रुंद जागांना 7.2 मीटर लागतात आणि साध्या तीन गाड्यांना साडेसात. म्हणजे अशा दोन जागांमागे एका गाडीचा तोटा.

काही ठिकाणी जागा राखली जाते, पण साखळी लावून. हेतू चांगलाच, धडधाकट माणसं घुसतात म्हणून. मात्र ती साखळी काढायला गाडीतून उतरावं लागतं, आणि जो सहज उतरू शकतो त्याला ती जागा लागतच नाही.

कायदा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता बंधनकारक केली, पण पुढच्याच वर्षी आलेल्या नियमांत तिचे निकष निव्वळ मार्गदर्शनापुरते उरले. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी नेमक्या या विसंगतीवर बोट ठेवलं, तो नियम रद्दबातल ठरवला आणि सक्तीचे निकष वेगळे काढून लिहा, असं सरकारला सांगितलं. रतुरी स्वतः दृष्टिहीन, आणि ही याचिका 2005 सालची.

पण हे सगळं झालं मोटारीचं. आपल्याकडे पाय अधू असलेला माणूस बहुधा मोटारीतून येत नाही. तो येतो मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून, कुबड्या पायांपाशी आडव्या ठेवून. 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याआधी ज्यांना पोलिओने गाठलं, त्यांतले कितीतरी जण आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि नोकरी-धंद्याला असेच जातात. त्यांच्यासाठी जमिनीवर कोणतंही चित्र नसतं. मोटारीच्या जागेत स्कूटर लावू लागलं की सिक्युरिटीवाला शिट्टी फुंकतो: ‘ओ साहेब, टू व्हीलर खाली!’ खाली म्हणजे दुसऱ्या तळघरात, उभ्या चढाच्या टोकाला, लिफ्टपासून सर्वांत लांब. तिथल्या रांगेत दोन स्कूटरींमधली फट या गाडीच्या चाकांना पुरत नाही.

मागे घेणं ही आणखी वेगळी अडचण. साधी स्कूटर आपण पाय टेकवून मागे ढकलतो, इतकं सवयीने की ते लक्षातही येत नाही. पेट्रोलच्या स्कूटरला सहसा रिव्हर्स गिअर नसतो, जादा चाकं लावलेली असली तरी. ज्याच्या पायांत जोरच नाही, त्याने भिंतीकडे तोंड करून गाडी लावली की ती बाहेर काढायला कुणाला तरी हाक मारणं आलं. ‘काका, जरा मागे ओढता का?’ काका चांगले असतात, लगेच धावतात. ते चहाला गेले असतील, तर बसून राहायचं. स्वतःची गाडी, स्वतःचं लायसन्स, पेट्रोलही स्वतःच्या पैशाचं, आणि निघायची वेळ मात्र काकांच्या चहावर ठरणार.

उपाय साधा आहे. जमिनीच्या पातळीवर, दाराजवळ, दोन्ही बाजूंनी उघडी जागा ठेवायची. एकीकडून शिरायचं, दुसरीकडून निघायचं, मागे घ्यायचा प्रश्नच नाही. व्यवस्थापनाला विचारलं तर उत्तर येतं की दाराजवळ जागाच नाही. तिथे लकी ड्रॉची नवी कोरी कार उभी असते, चारही बाजूंनी ऐसपैस मोकळी जागा सोडून.