दुसरी किल्ली

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक खटला उभा राहिला. आरोपी आमचा नातू, फिर्यादी त्याचा मित्र आणि गुन्हा घरात चोरून शिरल्याचा. न्यायाधीश म्हणून मला बसविण्यात आले. कारण उघड होते; त्या घरातले मलाच काही कळत नव्हते.

ते घर छत्रपती संभाजीनगरात नव्हते. पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नव्हते. 'सॅन अँड्रियास' नावाचा २००४ साली निघालेला संगणकावरचा एक खेळ आहे. आपापल्या घरी बसून सगळ्यांना तो एकत्र खेळता यावा म्हणून ही मुले एक सर्व्हर चालवितात. सामाईक अंगण म्हणा ना! नातू त्याचा कारभारी. त्याने समजावून दिलेली तिथली रचना मोठी मौजेची आहे. रस्त्यावर जे घर दिसते ते नुसते कवच. दाराशी गेले की यंत्र तुम्हांला उचलते आणि आकाशात उंच टांगलेल्या एका खोलीत नेऊन ठेवते. मूळ खेळात अशा खोल्या मोजक्याच. म्हणून एकच खोली अनेक घरांना देतात, आणि प्रत्येक घराला निराळ्या जगाचा आकडा. आकडा निराळा असला की एकाच पलंगावर बसलेली दोन माणसे एकमेकांना दिसत नाहीत. सिडकोतल्या एकाच नकाशाच्या घरांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला यात फारसे नवल वाटले नाही.

पण मनाजोगे घर हवे असेल तर खोली नव्याने रचावी लागते. भिंत, चौकट, कोनाडा, एकेक वस्तू आणायची आणि आकडे देऊन हवेत नेमक्या जागी बसवायची. एक आकडा चुकला की कंदील भिंतीत शिरतो. नातवाच्या मित्राला ओसरी हवी होती, माजघर हवे होते, परसाकडचे दार हवे होते. पैठणजवळ गोदावरीवर १९६५ ते १९७६ या काळात जायकवाडीचे धरण झाले. त्याच्या आजोबांचे घर त्या पाण्याखाली गेले. आजोबांच्या तोंडून ऐकलेले ते घर या दोघांनी महिनाभर खपून आकाशात उभे केले.

आणि एके रात्री नातू कारभाऱ्याच्या अधिकाराने, अदृश्य होऊन, त्या घरात गेला. मित्र एकटाच ओसरीवर बसून होता. तासभर हलला नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात ह्याने त्यावर विनोद केला. आजोबा त्याच आठवड्यात वारले होते, हे ह्याला मागाहून कळले. मित्र सर्व्हर सोडून गेला.

"घरच खोटे, तर शिरलो कोठे? आणि भिंती तर मीच बांधल्या," हा नातवाचा बचाव.

त्यातला पहिला भाग मला पटेना. दिवाळीत अंगणात केलेला किल्लाही खोटाच असतो. पण त्यावर मुद्दाम पाय देणाऱ्याला आपण 'माती तर होती' असे म्हणू देत नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक सुताराचे झोपडे म्हणतात. तिथे छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. त्यांच्यावाचून छत पडले नसते. तरी कोणीतरी त्या कोरल्या, कारण आत येणाऱ्याला ते ओळखीचे वाटायला हवे होते. घर म्हणजे पुष्कळसे हेच.

तेव्हा नातवाने खरा पेच टाकला. "मी विनोद केला नसता, तर त्याला कधी कळलेच नसते. मग नुसत्या पाहण्याने त्याचे काय बिघडले?"

मला अजिंठा आठवला. तिथल्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. तिथे राहणारे भिक्षू केव्हाच गेले होते. दुखावले जाणारे कोणी उरले नव्हते. तरीही ते नाव पाहिले की मला राग येतो. पण हा दाखला नातवाला लागू नव्हता. ह्याने भिंतीवर ओरखडासुद्धा काढला नव्हता.

मग मी त्याला जे घरात कोणालाच सांगितले नव्हते ते सांगितले. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या माडीवर एक भाडेकरू राहत. ते परगावी गेले असता पावसात छत गळू लागले, म्हणून दुसऱ्या किल्लीने मी त्यांची खोली उघडली. त्यात गैर काही नव्हते. टेबलावर अर्धे लिहिलेले पत्र होते. ते मी वाचले. गृहस्थांना ते शेवटपर्यंत कळले नाही. त्यांची एक काडीही हलली नव्हती. पण पुढची चार वर्षे ते जिन्यात थांबून माझ्याशी मोकळेपणाने बोलत, तेव्हा ज्याच्याशी आपण बोलतो आहोत असे त्यांना वाटे, तो माणूस मी उरलो नव्हतो. त्यांच्या नकळत मी त्यांची सोबत त्यांच्याकडून काढून घेतली होती. ते बदली होऊन गेले तेव्हा, लाज वाटते सांगायला, मला बरे वाटले.

किल्ली टाकून देणे हा काही उपाय नव्हे. छत गळणारच, कंदील भिंतीत शिरणारच. कोणाच्या तरी हाती किल्ली असायलाच हवी. नातू यावर काही बोलला नाही. निकाल द्यायचा तसाच राहिला.

आता सर्व्हरवर कारभाऱ्याने आत येण्यापूर्वी विचारावे असा नियम झाला आहे म्हणे. मित्र अधूनमधून पुन्हा येऊ लागला आहे, फारसे बोलत मात्र नाही. वसुबारसेच्या रात्री मी पाणी प्यायला उठलो तर नातू जागाच. पडद्यावर एक बंद दार आणि दाराबाहेर त्याचा माणूस उभा. खाली त्याने 'येऊ का?' एवढेच लिहिले होते. "केव्हापासून?" मी विचारले. "अर्धा तास झाला," तो म्हणाला, आणि मला खुर्ची पुढे सरकवली.