पन्हाळ्याची शाखा हाती घेताना

कोल्हापूर,
डिसेंबर 2025

चि. ताई हिस,


बढतीचे पेढे पोचले. फोनवर तुझा आवाज मात्र उतरलेला होता. "मॅनेजर केलं आणि डोंगरावर टाकलं" हे तू दोनदा म्हणालीस. तेव्हा मी गप्प राहिले, कारण त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं. पुण्यात मोठ्या कर्जविभागात बसलेल्या तुझ्या बरोबरीच्या मुलांचा तुला हेवा वाटतो, हेही कळलं. माझं म्हणणं एकच आहे. बँकेची शाखा चालवायला जिथं खरोखर शिकता येतं, अशाच जागी तू चालली आहेस. तिथली दोन-तीन वर्षं बदलीची वाट बघण्यात घालवलीस, तर ते नुकसान पुढे कुठलीही परीक्षा भरून काढणार नाही.

पन्हाळगडावर गिरिस्थान नगरपरिषद असली तरी 2011 च्या जनगणनेत वस्ती जेमतेम तीन हजारांच्या वर होती. दहा हजारांखालचं केंद्र म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लेखी ते ग्रामीण ठरतं. ग्रामीण शाखेची सेवा पुढच्या बढतीत उपयोगी पडते, हे तुला कुणीही सांगेल. मला त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. गड लहान असला तरी तालुका मोठा आहे. खाली कोडोली-वारणेकडचा बागायती पट्टा, पश्चिमेला बाजारभोगावकडचा धो-धो पावसाचा डोंगराळ भाग, मध्ये जोतिबाचा डोंगर आणि गडावर पर्यटन. तहसील कार्यालय गडावर असल्यामुळे उताऱ्याला, दाखल्याला आलेला माणूस तुझ्या दारावरून जाणार. पुण्याच्या कर्जविभागात माणूस फाईल होऊन येतो. इथं तो स्वतः समोर येऊन बसतो.

पहिले काही महिने एवढंच शिक, की या तालुक्यात पैसा कधी येतो आणि कधी जातो. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. घरखर्च त्यावरच चालतो, म्हणून म्हशीच्या कर्जाचा हप्ता त्याच तारखांना धरून बांधला तर तो थकत नाही. महिन्याच्या एक तारखेला बांधला तर थकतो. जोतिबाची चैत्रयात्रा आली की गुलाल-खोबरं, प्रसाद, हॉटेलवाले यांच्याकडे रोकड आणि चिल्लर धो-धो येते. त्या आठवड्यात नाण्यांची पिशवी घेऊन आलेल्या दुकानदाराला "नंतर या" म्हणू नकोस. नाणी घेणं हे शाखेचं कामच आहे, आणि दहा रुपयांचं नाणं चालत नाही ही अफवा मोडायला बँकेच्या खिडकीइतकी चांगली जागा नाही.

गडावरचा पैसा पर्यटकांच्या पायांनी येतो आणि रस्ता बंद झाला की थांबतो. 2021 च्या जुलैत अतिवृष्टीनं गडावर येणारा मुख्य रस्ता खचला, तेव्हा झुणका-भाकरीच्या गाड्यांपासून लॉजपर्यंत सगळ्यांचं उत्पन्न आटलं. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या शिवरायांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही आहे. आता घरगुती निवास, उपाहारगृहं यांच्यासाठी कर्ज मागायला माणसं येतील, आणि येऊ देत. पण प्रत्येकाला एक प्रश्न विचार: पावसात दोन महिने रस्ता बंद राहिला तर हप्ता कुठून देणार? ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला मोकळ्या हातानं दे. ज्याच्याकडे नाही त्याला कमी रकमेपासून सुरुवात करायला सांग.

उसाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण तिथं नवे अधिकारी गोंधळतात. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. सुरू उसाचं आणि खोडव्याचं गणित वेगळं. कारखान्यानं ऊस नेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, द्यावी असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण तोडणीची पाळी कधी येणार हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, दराचा प्रश्न तापतो, तोडणीच्या टोळ्या उशिरा येतात, गाळप पुढे-मागे होतं. संगणकातली तारीख त्यासाठी थांबत नाही. म्हणून कर्ज देतानाच लागणीची तारीख विचार, उसाचा प्रकार विचार, कुठल्या कारखान्याला नोंद आहे ते लिहून घे. थकबाकीचा नियमही पिकाप्रमाणे वेगळा आहे. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, वर्षाहून जास्त मुदतीच्या पिकाला एक हंगाम. कर्ज भलत्या पिकाच्या नावावर नोंदलं गेलं, तर चांगला माणूस कागदावर थकबाकीदार होतो किंवा बुडीत खातं निरोगी दिसतं. दोन्ही वाईट.

त्यात व्याजाची अडचण आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सात टक्क्यांनी मिळतं, मुदतीत फेडलं तर केंद्राची तीन टक्के सवलत मिळते, आणि उरलेला भार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य उचलतं. म्हणजे वेळेवर फेडणाऱ्याला व्याज शून्यावर येतं. पण केंद्राची सवलत जास्तीत जास्त एका वर्षाची, आणि आडसाली ऊस वर्षात तुटत नाही. मग माणसं "नवं-जुनं" करायला येतात. खाजगी सावकाराकडून दोन-चार दिवसांसाठी पैसे उचलतात, कर्ज भरतात, नवीन कर्ज मंजूर झालं की सावकाराचे फेडतात. शाखेच्या तक्त्यात ती शंभर टक्के वसुली दिसते आणि त्या घरात सावकाराचं चार दिवसांचं व्याज जातं. तू ही वसुली बघून खूश होऊ नकोस. कोण पिकाच्या पैशातून फेडतो आणि कोण फक्त फिरवतो, याची वेगळी वही ठेव. फिरवणाऱ्यांच्या रानात एकदा जाऊन ये. कुठं पाणी कमी पडलेलं असेल, कुठं आजारपण, कुठं मुलीचं लग्न. ते कळलं तर हप्ते पाडून देता येतात. कळलं नाही तर एक दिवस ते खातं अचानक बसतं, आणि तेव्हा कागद तपासणारे तुलाच विचारतात.

माणूस कसा ओळखायचा हे तू विचारलं होतंस. शिक्षणावरून ओळखू नकोस. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी महिलांची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण बऱ्याच प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर होत्या. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कितीही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो. 1997 मध्ये माणदेशी बँक सुरू झाली. दिवसाची मजुरी बुडवून बाई बँकेत येऊ शकत नाही, म्हणून बँकच तिच्या दारी गेली. तुझ्या शाखेत लाडकी बहीण योजनेतल्या बायकांची खाती आहेत. 2024 च्या उन्हाळ्यानंतर आधार जोडायला झालेली गर्दी तू पाहिलीसच. बहुतेक शाखांत या खात्यांकडे फक्त रांग म्हणून बघतात. त्यातल्या कुणाच्या खात्यात महिन्याला दोनशे-पाचशे शिल्लक राहतात ते काढ. तीच बाई उद्या शिवणयंत्राला किंवा शेळ्यांना कर्ज मागेल आणि फेडेल. बचत गटाच्या बैठकीला खुर्चीवर बसून भाषण देऊ नकोस. त्यांच्यात बसून त्यांचं हिशेबाचं रजिस्टर वाच.

गडावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे, तिथं जाऊन ये. त्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथात, साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. राज्यात साहुकार सुखरूप राहिला तर नसलेली वस्तू येते आणि अडचणीच्या वेळी कर्ज मिळतं, असा त्यांचा विचार. लढायांनी पिचलेल्या राज्याच्या कारभाऱ्याला पत किती मोलाची असते हे कळत होतं. मला त्यात आपल्या कामाचा मान दिसतो. ठेवीदार विश्वासानं पैसे ठेवतो आणि आपण ते गरजवंताला देतो, म्हणून दोघांचंही भलं आपल्या एका सहीवर टांगलेलं असतं.

त्या सहीबद्दल कडक शब्दांत सांगते. तुझा पासवर्ड कुणाला सांगू नकोस, विश्वासू शिपायाला नाही, गर्दीच्या दिवशी नाही, वरिष्ठाच्या फोनवर तर नाहीच. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन हातांत असतात, त्या जेवणाच्या सुट्टीतही एका हातात येता कामा नयेत. सोनेतारणात सराफाचा दाखला घे, पण पिशवी सील होताना स्वतः उभी राहा. सातबारावर बोजा चढला का ते फेरफार बघून खात्री कर, "होईल साहेब" यावर नको. न बघितलेल्या रानावर, न वाचलेल्या व्हाउचरवर सही करू नकोस. मी बँकेच्या नोकरीत असताना चांगली, कष्टाळू माणसं चौकशीत अडकलेली पाहिली. त्यांच्यापैकी चोर फार थोडे होते. बाकीच्यांनी संध्याकाळी घाईत, भिडेपोटी सह्या केल्या होत्या.

दुसरी भीड वरून येते. विमा विका, फंड विका, आज किती झाले, असे फोन दिवसातून चार वेळा येतील. मुदतठेव मोडायला आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात दहा वर्षं हप्ता भरायची पॉलिसी मारणं सोपं असतं. तो तुझ्यावर विश्वास ठेवतो म्हणूनच ते सोपं असतं. दुसऱ्या वर्षी त्याला हप्ता झेपत नाही, पैसे अडकतात, आणि तो गावभर सांगतो. हे पाप आहे असं मी मानते, आणि धंदा म्हणूनही वाईटच. त्यापेक्षा जे खरोखर कामाचं आहे ते मनापासून दे. वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचं जीवनज्योती विमाछत्र आणि 20 रुपयांत सुरक्षा विमा. खातेदार गेल्याचं कळलं की त्याच्या खात्यातून हा हप्ता कापला गेला होता का ते तू स्वतः बघ आणि घरच्यांना बोलावून दावा भरून घे. बऱ्याच घरांना ते माहीतच नसतं. नामनिर्देशनही तसंच. नोव्हेंबर 2025 पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, ते प्रत्येकाला सांग. कुणी म्हातारं माणूस घाबऱ्याघुबऱ्या सगळी ठेव मोडून अनोळखी खात्यावर पाठवायला आलं, तर त्याला आत बसव, पाणी दे, कुणाचा फोन आला होता ते विचार. डिजिटल अटकेच्या नावानं लुटणारे असेच पैसे काढतात. फसवणूक झालीच असेल तर 1930 वर लगेच तक्रार नोंदव. विक्रीसाठी फोन करणाऱ्या क्षेत्रीय कार्यालयाला नुसता नकार देऊ नकोस, आकडे दे: चालू-बचत ठेवी किती वाढल्या, बचत गटांना किती कर्ज गेलं, जुनी थकबाकी किती सुटली. आकड्यांनी बोलणाऱ्या मॅनेजरला फार ढकलत नाहीत.

बाई म्हणून वेगळं सांगायला हवं का, असा मी विचार केला. थोडं सांगते. पहिल्या महिन्यात काही जण "साहेब कुठं आहेत?" असं तुलाच विचारतील. चिडू नकोस. "मीच आहे, बसा" म्हण आणि त्यांचं काम त्याच दिवशी कर. वसुलीला एकटी जाऊ नकोस, सोबत कर्मचारी ने आणि सूर्य मावळायच्या आत परत ये. गावातल्या बायका मात्र तुझ्याशी जे बोलतील ते आधीच्या कुठल्याच मॅनेजरशी बोलल्या नसतील. कुणाच्या घरी काय चाललंय हे त्यांच्याकडून कळतं, ते मनात ठेव, कचेरीत बोलू नकोस. शिपायाला, रोखपालाला नावानं हाक मार. त्यांना तालुक्यातलं प्रत्येक घर ठाऊक असतं.

राहता राहिली बँकिंगची परीक्षा. जेएआयआयबी झाली आहे, सीएआयआयबी या दोन वर्षांत संपव. संध्याकाळी गडावर दुसरं काही करायला नसतं, हे त्या बाबतीत बरंच आहे. स्टेट बँकेत झाडलोट करण्यापासून सुरुवात करून प्रतीक्षा तोंडवळकर सहायक महाव्यवस्थापक झाल्या. त्यांनी नोकरी करत रात्रीच्या वर्गांत शिकून पुढच्या पायऱ्या गाठल्या. तुझ्यापुढची वाट त्यापेक्षा पुष्कळ सोपी आहे.

रुजू झालीस की पहिल्या पंधरवड्यात थकीत खात्यांची यादी काढ आणि वरच्या दहा घरी स्वतः जा, नोटीस पाठवायच्या आधी. त्यांचं काय झालं ते मला सविस्तर लिहून कळव. फोनवर सांगू नकोस, लिही.

तुझी,
मावशी