पहिली चूक कुणाच्या खात्यात?

आमच्या गोडदेवात क्रिकेटचा स्कोअर कुठल्याही टपरीवर कळतो. राष्ट्रीय ॲथलेटिक्सच्या निवड चाचणीत शंभर मीटरला कोण पहिला आला, हे विचारलंत तर मात्र दोनच माणसं सांगतील. एक मी, दुसरा माझा मावसभाऊ. यूट्यूबवरचं अडखळत चालणारं प्रक्षेपण आणि रात्री उशिरा येणारी निकालाची पीडीएफ, एवढ्या खुराकावर आमचं हे वेड वर्षानुवर्षं टिकलंय. नाक्यावरून शेअर रिक्षाने घरी येतानाही आम्ही सेकंदांचे शंभरावे भाग मोजत बसतो. सोबतच्या प्रवाशांना आम्ही सट्टा खेळतोय असं वाटत असणार.

एका चाचणीत, शंभर मीटरच्या हीटमध्ये, एक पोरगा पिस्तुलाआधी सुटला. लाल कार्ड. वर्षभराची मेहनत आणि प्रत्यक्ष शर्यत शून्य पावलांची. तो डोक्यावर हात ठेवून लेनमध्येच उभा राहिला, मग पिशवी उचलून निघून गेला. मी हळहळलो. म्हटलं, "एक चान्स तरी द्यायला हवा होता यार."

भाऊ म्हणाला, "का? बाकीचे सात जण थांबले होते ना?"

मला त्याचा राग आला. इतका कोरडेपणा त्याच्यात कुठून आला, कळेना. त्या रात्री मी नियम धुंडाळत बसलो.

२००२ पर्यंत प्रत्येक धावपटूला एक चूक माफ होती. २००३ पासून माफी अख्ख्या शर्यतीला मिळून एकच झाली. पहिली चूक कुणाचीही असो, ती सगळ्यांच्या खात्यात जमा व्हायची आणि त्यानंतर जो चुकेल तो बाहेर. म्हणजे चूक एकाची, धाक आठ जणांना. सुरुवातीला मंद असणारा एखादा मुद्दाम आधी सुटायचा आणि चपळ गड्यांना सावधपणे निघायला भाग पाडायचा, अशी तक्रार तेव्हा होती. २०१० पासून तीही माफी गेली. २०११ मध्ये देगूच्या जागतिक स्पर्धेत या नियमाने खुद्द उसेन बोल्टला फायनलमधून बाहेर काढलं. २०२२ मध्ये युजीनला डेव्हन ॲलन अडथळ्यांच्या फायनलमध्ये ०.०९९ सेकंदांत हलला. मर्यादा ०.१०० आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी माणूस घरी! आणि तो चुकला असंही नाही, त्याचा पाय पिस्तुलानंतरच हलला होता. इतक्या लवकर आवाज ऐकून हलणं माणसाला शक्य नाही, असं नियम धरून चालतो, एवढंच.

पण त्याच ट्रॅकवर, त्याच शंभर मीटरला, डेकॅथलॉनवाल्यांना मात्र आजही शर्यतीमागे एक चूक माफ आहे. दोन दिवसांत दहा प्रकार: पहिल्या दिवशी १०० मीटर, लांब उडी, गोळा, उंच उडी, ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी अडथळे, थाळी, बांबू उडी, भाला आणि शेवटी जीव काढणारे १५०० मीटर. एखाद्या प्रकारात शून्य मिळालं तरी पुढे खेळता येतं. उतरलाच नाहीस तर मात्र स्पर्धा सोडलीस असं धरतात. मला हा न्याय फार माणुसकीचा वाटला. चुकलास तर चालेल, ये मात्र. दुसऱ्या दिवशी हे सगळं मी भावाला वकिलाच्या थाटात ऐकवलं आणि वर तेजस्विन शंकरचं उदाहरण दिलं.

२०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी उंच उडीतल्या तेजस्विनला संघात घेतलं नव्हतं. तो अमेरिकेतल्या कॉलेजच्या स्पर्धांमध्ये होता आणि इथल्या आंतरराज्य स्पर्धेत उतरला नव्हता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, शेवटी संघात जागा झाली आणि त्याने २.२२ मीटर उडी मारून कांस्य आणलं. राष्ट्रकुलमधलं उंच उडीतलं भारताचं ते पहिलं पदक. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो डेकॅथलॉनमध्ये उतरला आणि ७६६६ गुणांच्या राष्ट्रीय विक्रमासह रौप्य घेऊन आला. १९७४ नंतर या प्रकारातलं आपलं पहिलं आशियाई पदक. बघ, म्हटलं, माफीचं फळ.

"आणि पदक नसतं आलं तर?" भावाने विचारलं. "तर माफी चुकीची ठरली असती का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं तर तेव्हा पदक आलं म्हणूनच तर मी त्याची बाजू घेत होतो. चाचणी म्हणजे एक दिवस, आणि एक दिवस खोटं बोलू शकतो, हे मला मान्य आहे. २०२५ च्या फेडरेशन कपमध्ये कोचीला आपला प्रणव गुरव १०.२७ सेकंदांत पहिला आला, अनिमेष कुजूर त्याच्या मागे राहिला. त्याच जुलैत अनिमेष १०.१८ धावला आणि राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर गेला. मग कोचीचा निकाल खोटा होता का? अजिबात नाही. त्या दिवशी प्रणव पुढे होता. त्या दिवसाचं जे काही आहे ते त्याचंच आहे, आणि पुढच्या कुठल्याही विक्रमाने ते काढून घेता येणार नाही. महाराष्ट्राचा म्हणून मी जरा जास्तच जोरात बोलतोय, हे कबूल.

मग भावाने ती गोष्ट सांगितली. पोलीस भरतीसाठी तो दोन वर्षं पहाटे उठून भाईंदर पश्चिमेला, उत्तनच्या रस्त्यावर धावायचा. भरतीचं मैदान म्हणजे आमच्या पोरांचं डेकॅथलॉनच: १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळ्याला १५, एकूण ५०. १०० मीटरला गुण गेले तेव्हा त्याने घरी सांगितलं होतं, पाय घसरला. घसरला नव्हता. शेजारचा शिट्टीआधी सुटला, भाऊ थांबला, आता परत बोलावतील म्हणून अधिकाऱ्याकडे बघत राहिला. कुणी बोलावलं नाही. तोवर बाकीचे सगळे निघून गेले होते. दोन गुणांनी यादीतून नाव गेलं.

"त्या पोराला कुणीतरी माफ केलं," तो म्हणाला. "माझ्या खात्यातून."

तेव्हापासून मी घरबसल्या माफ्या वाटत नाही. सोफ्यावरून दया दाखवायला माझं काय जातं? ती द्यायची तर श्वास रोखून, बोटांवर भार टाकून ब्लॉकमध्ये थांबलेल्या त्या सात जणांनी. डेकॅथलॉनमध्ये ती टिकलीय, ती मला वाटतं यामुळेच. तिथली माणसं दोन दिवस एकत्र जेवतात, एकत्र कुथतात, १५०० मीटरनंतर एकमेकांना जमिनीवरून उठवतात आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे मिळून प्रेक्षकांना हात करतात. आज ज्याची चूक आपण सोसली, तो उद्या आपली सोसेल, एवढा वेळ त्यांच्याकडे असतो. शंभर मीटरवाल्यांकडे दहा सेकंद. नियम निष्ठुर आहे असं मला अजूनही वाटतं. भावाला वाटत नाही. यावर आमचं जमत नाही.

पुढच्या वर्षीच्या चाचणीच्या यादीत आम्ही दोघांनी तोच पोरगा शोधला. होता. तिसरी हीट, सहावी लेन. भावाने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, आवाज वाढवला. स्टार्टर 'सेट' म्हणाला तसा तो पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, "हलू नको रे."