अनुतापाची भिंत

सज्जनहो, विश्रामबागेतल्या दत्तजयंती सप्ताहात एकानं मला विचारलं, "बुवा, आरोपी कोर्टात रडला म्हणून शिक्षा कमी करावी का हो?"

अश्रूंवरून मन कळत नाही. वागणं मात्र दिसतं. म्हणून फाशी देण्याआधी 'हा सुधारू शकेल का' हे पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली सांगितलं. आपल्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ औंध संस्थानानं १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसवलं. तिथं खुनातले कैदीही तटबंदीविना शेती करत राहिले. पळता येत असून जो थांबतो, त्याचा अनुताप हीच त्याची भिंत!

शिक्षा टाळण्यासाठी रडणं हा सौदा. ज्याचं घर उजाडलं त्याचं देणं मानून शिक्षा भोगणं, हा अनुताप. दत्तमहाराजांपुढे हात जोडताना आपण यातलं काय करतो, तेवढं पाहावं.

श्रीगुरुदेव दत्त!