शेरा मारण्याआधी

सकाळी उठवत नाही, हातापायांत बळ नाही, कशात जीव रमत नाही, असं सांगणाऱ्या बाईला आळशी ठरवायला आपल्याकडे फार वेळ लागत नाही. वजन वाढलं तर ‘खाते किती’, विसरली तर ‘लक्ष कुठे असतं’, डोळ्यांत पाणी आलं तर ‘नाटकं’. प्रत्येक शेरा स्वभावावर. असा शेरा ओठांवर आला की आपण क्षणभर थांबावं आणि गळ्यातल्या त्या वीसेक ग्रॅमच्या थायरॉइड ग्रंथीचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे थिओडोर कोखर नावाचे नामवंत शल्यविशारद होते. तिकडच्या डोंगराळ मुलखात तेव्हा गलगंड फार. १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची सुजलेली थायरॉइड पूर्ण काढून टाकली. ही ग्रंथी शरीरात काय करते, हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. जखम भरली, मुलगी घरी गेली. पुढे तिच्या डॉक्टरांकडून कळलं, की ती पहिल्यासारखी राहिलेली नाही. कोखरांनी १८८३ मध्ये आपल्या जुन्या रुग्णांना बोलावून तपासलं. या मुलीची एक धाकटी बहीण होती. पूर्वी दोघी इतक्या सारख्या दिसत, की लोकांची गल्लत होई. आता धाकटी वयात येऊन छान वाढली होती. मोठी मात्र ठेंगणीच राहिली होती. चेहरा सुजल्यासारखा, हालचाल आणि बुद्धी दोन्ही मंद. सबंध ग्रंथी काढलेल्या बहुतेक रुग्णांची कमीअधिक हीच गत झाली होती.

कोखरांनी हे लपवलं नाही. त्याच वर्षी शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी ते सगळ्यांसमोर मांडलं आणि गलगंडासाठी पुन्हा कधी पूर्ण ग्रंथी काढायची नाही असं ठरवलं. थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं. पण मला त्यांचा मोठेपणा त्या कबुलीतच जास्त दिसतो.

त्या मुलीचा स्वभाव आळशी नव्हता. तिची चपळाई, उंची, समज ज्याच्या आधारावर वाढायची, ते एक संप्रेरकच रक्तातून नाहीसं झालं होतं.

ते संप्रेरक म्हणजे थायरॉक्सिन. मोठ्या माणसाच्या शरीरात ते दिवसाकाठी साधारण शंभर मायक्रोग्रॅम तयार होतं. या हिशेबानं एक ग्रॅम व्हायला सत्तावीस वर्षं लागतील! एवढ्याशा ऐवजावर हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पोट साफ होणं, पाळीचं चक्र, केसांची वाढ आणि विचारांचा वेगही अवलंबून. किती स्रवायचं हे थायरॉइड एकटी ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. ती रक्तातलं थायरॉक्सिन सतत अजमावते. कमी वाटलं तर थायरॉइडला हाकारणारं टीएसएच हे संप्रेरक जास्त सोडते, पुरेसं झालं की हात आखडता घेते. खेळायला गेलेल्या पोराला आई हाक मारते आणि ओ आली नाही की तिचा आवाज चढत जातो, तसंच हे. म्हणून थायरॉइड मंदावली की रिपोर्टात टीएसएचचा आकडा चढलेला दिसतो. तो पाहून ‘थायरॉइड वाढलाय’ म्हणतात खरं, पण त्या वेळी ग्रंथी बिचारी कमी पडत असते. कॉर्टिसॉल असो की पाळीची संप्रेरकं, थोड्याफार फरकानं रीत हीच: सोडायचं, अजमावायचं, आवरायचं.

सगळ्याच थकव्याचं खापर ग्रंथींवर फोडता येणार नाही. अपुरी झोप, अंगात रक्त कमी असणं, घरातलं न संपणारं काम, मनात दाबून ठेवलेलं दुःख यांनीही माणूस गळून जातो. पण यातलं काय आहे हे शोधावं लागतं, आणि ‘आळशी’ म्हटलं की शोधणंच थांबतं.

थायरॉक्सिन घडायला आयोडीन लागतं. सत्तर वर्षांच्या आयुष्याला मिळून जेमतेम चार ग्रॅम! तेवढंही मिळालं नाही की गलगंड होतो. आजच्या हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून मिठातून आयोडीन देऊन पाहिलं आणि तिथला गलगंड कमी होत गेला. आपल्या स्वयंपाकघरातल्या आयोडीनयुक्त मिठामागे ते काम आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती नवजात बाळांची. काही बाळं थायरॉइड न घडताच, किंवा अपुरी घेऊन जन्मतात. पोटात असताना आईच्या थायरॉक्सिनचा थोडा आधार मिळालेला असतो, त्यामुळे जन्मल्यावर ती बहुधा निकोपच दिसतात. फार रडत नाहीत, खूप झोपतात. घरात कौतुक होतं, ‘किती गुणी बाळ!’ इथेही आपण स्वभावच पाहतो आणि मेंदूच्या वाढीचे मोलाचे दिवस हातचे निसटतात. वास्तविक टाचेला टोचून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांत हे कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर अशी बहुतेक मुलं इतर मुलांसारखीच वाढतात, शिकतात. औषध म्हणजे रोज दिली जाणारी एक स्वस्त, चिमुकली गोळी. तरीही आपल्या देशात ही तपासणी अजून प्रत्येक प्रसूतिगृहात आपोआप होत नाही.

तुमच्या घरी, शेजारी, नात्यात बाळ येणार असेल, तर दवाखान्यातून घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: बाळाची थायरॉइडची तपासणी झाली का?